उतारावरचं घर आधी सेक्शनमध्ये उभं राहतं

उतारावर, झाडीत घर बांधतोय असं सांगितलं की समोरचा माणूस एक तर "वा, काय व्ह्यू असेल!" म्हणतो, नाही तर "कशाला नसती उठाठेव" म्हणतो. पुढे काय करायचं हे मात्र दोघांनाही सांगता येत नाही. आम्हालाही सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं. जमिनीची पहिली मोजणी ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली आणि पूर्णत्वाचा दाखला मार्च २०२५ मध्ये हातात आला. मधल्या काळात काय, कशामुळे आणि कुठल्या क्रमाने झालं ते आठवतंय तोवर लिहून ठेवतेय. सौंदर्याबद्दल फारसं लिहिणार नाही, कारण ते शेवटी येतं आणि बरंचसं आपोआप येतं. सगळा जीव जमिनीखाली आणि कागदांत अडकलेला असतो.

प्लॉट असा: रस्ता वरच्या अंगाला, तिथून जमीन खाली उतरत जाते. वरपासून खालपर्यंत तीस मीटर, आणि तेवढ्या अंतरात साडेसात मीटर उतार. म्हणजे एकास चार, पंचवीस टक्के, साधारण चौदा अंश. टक्के आणि अंश यांत गल्लत करू नका. शंभर टक्के उतार म्हणजे पंचेचाळीस अंश, नव्वद नव्हे. विकणाऱ्याने आम्हाला "थोडासा स्लोप आहे" असं सांगितलं होतं. चौदा अंश पायाला थोडेसेच वाटतात. घराला नाही वाटत. एकास चार उतारावर बारा मीटर खोलीचं घर सपाट जोत्यावर बसवायचं, तर घराच्या वरच्या आणि खालच्या कडेत तीन मीटरचा फरक पडतो. अख्खा एक मजला! पुढची सगळी कहाणी या तीन मीटरचं काय करायचं, याचीच आहे.

आर्किटेक्ट निवडताना आम्ही प्रत्येकाला एकच विचारलं: पहिलं काय काढाल? बहुतेकांनी प्लॅन सांगितला. एका बाईंनी सांगितलं, "आधी सर्व्हे येऊ द्या, मग सेक्शन काढू. प्लॅनचं नंतर बघू." त्यांनाच काम दिलं. सेक्शन म्हणजे जमीन आणि घर सुरीने उभं कापलं तर दिसेल ते चित्र. सपाट जागेवर तो उपचार म्हणून काढतात. उतारावर तोच घर ठरवतो.

सर्व्हेवर पैसे वाचवायचा मोह होतो, कारण हातात येतो तो एक कागद. आम्ही अर्ध्या मीटरच्या अंतराने कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मागितले. एक मीटरच्या कंटूरमध्ये मधले खड्डे-उंचवटे हरवतात. टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं यंत्र) लावून सर्व्हेयरने प्लॉटच्या हद्दीबाहेरचीही काही मीटर जमीन घेतली, कारण पाणी हद्द बघून वाहत नाही. शिवाय प्रत्येक झाडाचं बुंध्याशी लेव्हल, खोडाचा व्यास, फांद्यांचा घेर, जात आणि तब्येत. हे शेवटचं काम सर्व्हेयरचं नाही. त्यासाठी झाडांचा जाणकार वेगळा बोलावला. आम्हाला वाटत होतं की झाड म्हणजे नकाशावर एक ठिपका. त्या माणसाने प्रत्येक ठिपक्याभोवती वर्तुळ काढून दिलं आणि आमचा निम्मा प्लॉट वर्तुळांनी भरून गेला.

त्या वर्तुळाचा हिशोब ब्रिटिश मानक बीएस ५८३७ च्या २०१२ च्या आवृत्तीत दिलेला आहे आणि तो इतर ठिकाणीही ढोबळ मार्गदर्शक म्हणून वापरतात. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजायचा, त्याला बाराने गुणायचं, ती मुळांच्या संरक्षित क्षेत्राची त्रिज्या. त्याची कमाल मर्यादा पंधरा मीटर. आमच्याकडचं सगळ्यात मोठं झाड साठ सेंटिमीटर खोडाचं. म्हणजे सात मीटर वीस सेंटिमीटर त्रिज्या. तेवढ्या वर्तुळात खोदकाम नको, भराव नको, गाडी नको, वाळूचा ढीगसुद्धा नको. मुळं खोल जातात असं आपण समजून चालतो, पण त्यांतली बहुतेक वरच्या साठेक सेंटिमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत पसरलेली असतात. वर माती दाबली किंवा टाकली की त्यांचा श्वास कोंडतो. झाड लगेच मरत नाही, दोन-चार वर्षांनी वाळायला लागतं. तोवर कंत्राटदार हिशोब चुकता करून गेलेला असतो.

नवरा एकदा वैतागून म्हणाला, "मग घर बांधायचं कुठे, हवेत?" आर्किटेक्टबाई शांतपणे म्हणाल्या, "बऱ्यापैकी हवेतच."

जानेवारीत माती तपासणीचा अहवाल आला. रिग, म्हणजे बोअर घ्यायचं यंत्र, उतारावर नेण्यातच वेळ गेला, कारण वर्तुळांमधून वाट काढायची होती. उतारावर बोअर एकाच रेषेत वरपासून खालपर्यंत घ्यायला सांगा. म्हणजे थर उताराबरोबर कसे झुकतात ते कळतं. खडक लागला म्हणून बोअर तिथेच थांबवू देऊ नका. डोंगरउतारावर मातीत गाडलेली मोठी धोंड खडकासारखीच वाजते. बोअर त्यात काही मीटर आत गेला तरच तो खडक. आमच्या मधल्या बोअरमध्ये नेमकं हेच झालं. दोन मीटरवर "खडक" लागला, आणखी खाली गेल्यावर परत माती. तो बोअर तिथेच बंद केला असता, तर त्या कॉलमचा पाया धोंडेवर बसला असता.

अहवालाशिवाय स्वतःच्या डोळ्यांनीही काही गोष्टी बघता येतात. सगळ्या झाडांची खोडं बुंध्याशी एकाच दिशेला वाकून मग सरळ वर गेली असतील, तर वरची माती हळूहळू सरकत असण्याची शक्यता असते. एखाददुसरं झाड वाकलेलं असेल तर ते उजेडाकडे झुकलेलं असू शकतं. तिरपे झालेले जुने खांब, जमिनीवरच्या चंद्रकोरीसारख्या भेगा, कोरड्या दिवसांतही ओलसर राहणारा पट्टा, हे सगळं टिपून इंजिनिअरला दाखवा. आमच्याकडे खालच्या तिसऱ्या भागात असा ओला पट्टा होता. तिथे काहीही बांधायचं नाही, हे त्याच दिवशी ठरलं. आणि पहिली भेट कधीही असो, निर्णयाआधी एकदा जोरदार पावसात प्लॉटवर उभे राहा. छत्री घेऊन तासभर. पाणी कुठून शिरतं, कुठे वेग घेतं, कुठे नाहीसं होतं, हे कुठल्याही कंटूरमधून इतकं स्पष्ट दिसत नाही.

फेब्रुवारी ते जुलै २०२२ डिझाइन चाललं. हा सगळ्यात आनंदाचा काळ. सगळ्यात जास्त भांडणंही तेव्हाच झाली.

पहिला पर्याय आमच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराने उभ्या उभ्या सुचवला होता. "ताई, पोकलेन लावू, सपाट करून टाकू. वरची माती काढायची, खाली टाकायची. मोकळं मैदान होईल." ऐकायला सोपं. आर्किटेक्टबाईंनी तोच पर्याय सेक्शनमध्ये काढून दाखवला. वरच्या बाजूला दीड मीटर कटिंग, खालच्या बाजूला दीड मीटर भराव, दोन्हीकडे भिंती. घराचा अर्धा पाया मुळच्या घट्ट जमिनीवर आणि अर्धा भरावावर. भराव कितीही धुमसला तरी थोडा बसतोच. घट्ट बाजू बसत नाही. मग घर मधोमध तडकतं. भराव टाळायचा आणि सगळंच कटिंग करायचं, तर वरच्या बाजूला तीन मीटरची रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत. इंजिनिअरने इथे एक हिशोब सांगितला तो मी वहीत लिहून ठेवला आहे. भिंतीची उंची दुप्पट केली की मातीचा एकूण रेटा चौपट होतो, आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. म्हणजे तीन मीटरची भिंत दीड मीटरच्या दोन भिंतींएवढी नसते. तिला पायाही तसाच रुंद लागतो, आणि तो पाया वरच्या झाडांच्या मुळांतच जाणार.

उंच भिंत दोन टप्प्यांत फोडता येते, पण दोन टप्पे जवळजवळ असले तर वरची भिंत खालचीवर बसल्यासारखीच असते. मधलं अंतर खालच्या भिंतीच्या उंचीच्या साधारण दुप्पट तरी हवं. आमच्याकडे तेवढी जागाच नव्हती.

मग आला तो सेक्शन, ज्यावर आज घर उभं आहे. घर एक जाड ठोकळा न ठेवता दोन लांब, अरुंद पट्ट्यांत कापलं. दोन्ही पट्टे कंटूरला समांतर, प्रत्येकी पाच मीटर खोल. मधे दोन मीटरची फट, तिथे जिना. वरचा पट्टा रस्त्याजवळ: प्रवेश, स्वयंपाकघर, बैठक. खालचा पट्टा दीड मीटरने खाली: झोपायच्या खोल्या, अभ्यासाची जागा. मधे नऊ पायऱ्या. आता गणित करा. पाच मीटरमध्ये जमीन सव्वा मीटर उतरते, फटीत अर्धा, पुन्हा पाचात सव्वा. बारा मीटरमध्ये तीन मीटर उतार तसाच आहे, पण घराचा तळ जमिनीपासून कुठेही दीड मीटरपेक्षा जास्त वर जात नाही, आणि जमिनीत घुसत तर कुठेच नाही. रिटेनिंग वॉल उरली ती फक्त पार्किंगपाशी, एक मीटर वीस सेंटिमीटरची. कटिंग, भराव, मोठी भिंत, सगळं एका रेषेने खोडून टाकलं. प्लॅन मात्र त्यानंतरही कितीतरी वेळा बदलला. सेक्शन कधीच बदलला नाही.

त्या फटीने उजेडाचाही प्रश्न सोडवला. झाडीतल्या घरात समोर काच कितीही लावा, उजेड हिरवा आणि आडवा येतो, आणि खोलीची मागची बाजू दिवसाही अंधारी राहते. दोन छपरांच्या उंचीत फरक असल्यामुळे मधे उंचावर खिडक्यांची एक लांब ओळ मिळाली आणि वरून उजेड आत उतरला. बाईंनी झाडं पानांनी भरलेली असताना आणि पानगळीनंतर, अशा दोन्ही स्थितींत सावल्यांचा अभ्यास केला होता. तुमच्याकडे सदाहरित झाडं जास्त असतील तर दुसऱ्या स्थितीवर भिस्त ठेवू नका.

भांडण झालं ते डेकवरून. नवऱ्याला खालच्या पट्ट्यापासून तीन मीटर हवेत गेलेला डेक हवा होता, खाली एकही कॉलम नको. त्याच्या फोनमध्ये अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटच्या फॉलिंगवॉटरचे फोटो भरलेले. पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर काढलेलं ते घर, आराखडा १९३५ चा. इंजिनिअर फोटो बघून हसले नाहीत, उलट त्यांनी तेच उदाहरण पुढे नेलं. त्या घराचे कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला आधार असलेले पुढे आलेले भाग, बांधल्यापासून वाकत राहिले. मुख्य गच्चीचं टोक जवळपास सात इंच खाली आलं, आणि शेवटी २००२ मध्ये आत पोलादी केबल ताणून त्याला आधार द्यावा लागला. "राइट होते म्हणून जगाने सांभाळलं. तुमचं कोण सांभाळणार?" मग त्यांनी दुसरं टोक दाखवलं: जॉन लॉटनर यांचं लॉस एंजेलिसमधलं केमोस्फिअर, १९६० चं. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अख्खं अष्टकोनी घर काँक्रीटच्या एकाच खांबावर. दिसतो एक खांब, पण त्याचा भार पेलायला जमिनीखाली केवढं तरी काँक्रीट आहे. हवेत दिसणाऱ्या प्रत्येक मीटरची किंमत कुठे तरी खाली मोजलेली असते. आमच्या डेकचा वाद दीड मीटरवर मिटला. नवरा अजूनही तो तीनचा हवा होता असं म्हणतो. मला विचाराल तर दीडवर खुर्ची बसते, आणि तेवढं पुरे.

आधुनिक घर म्हटलं की सपाट छप्पर डोळ्यांपुढे येतं. झाडांखाली ते नको, असं माझं ठाम मत झालं आहे. पानं साठतात, पाण्याची तोंडं बुजतात, गळती सुरू होते. आम्ही एकाच दिशेला हलका उतार असलेली दोन पत्र्याची छपरं घेतली, खाली रुंद उघडी पन्हाळी आणि पन्हाळी तुंबली तर पाणी भिंतीत न जाता बाहेर सांडेल अशी फट. दिसायला पुरेसं आधुनिक आहे. काचांबद्दलही एक सांगते: झाडीत मोठी काच म्हणजे पक्ष्यांना पलीकडचं झाडच दिसतं आणि ते येऊन आपटतात. काचेच्या बाहेरच्या बाजूला पाच-पाच सेंटिमीटर अंतरावर बारीक ठिपक्यांची नक्षी असली की ते टळतं. आतून दोन दिवसांनी ठिपके दिसेनासे होतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये फाइल जमा केली. परवानगी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. आठ महिन्यांत कुणी लाच मागितली नाही, कुणी उद्धट बोललं नाही, तरी आठ महिने गेले. कारणं दोन.

पहिलं कारण उंचीचं. घराची उंची जमिनीपासून मोजतात, पण उतारावर कुठल्या जमिनीपासून? सगळ्यात खालच्या कोपऱ्यापासून मोजली तर आमचं घर नियमात बसत नव्हतं, सरासरी पातळीपासून मोजली तर आरामात बसत होतं. नियम सरासरीचा होता. पण ती सरासरी मुळच्या, न खोदलेल्या जमिनीची हवी, आणि ती मुळची आहे हे सिद्ध करायचं आमच्यावर. त्रुटीपत्र आलं. उत्तरात सर्व्हेयरच्या सही-शिक्क्याचा, तारखेचा कंटूर नकाशा आणि त्या दिवशीचे फोटो लावले, तेव्हा मुद्दा सुटला. ज्यांनी आधी "थोडं सपाट करून घेऊ" म्हणून मशीन फिरवलेलं असतं, त्यांच्याकडे हा पुरावाच उरत नाही. जमिनीला हात लावण्याआधी सर्व्हे सही करून घ्या, एवढं या सगळ्यातून कुणी लक्षात ठेवलं तरी चालेल.

दुसरं कारण झाडांचं. आम्हाला तीन झाडं काढायची होती, त्यांतलं एक आतून पोकळ. झाडांचं खातं म्हणालं, मंजूर नकाशा आणा. बांधकामाचं खातं म्हणालं, झाडांची परवानगी आणा. डिसेंबर ते फेब्रुवारी फाइल या दोघांच्या मधे लोंबकळत होती. शेवटी झाडांच्या खात्याकडून "तत्त्वतः हरकत नाही, अंतिम आदेश नकाशा मंजुरीनंतर" असं पत्र मिळालं आणि गाडी हलली. असं पत्र मिळू शकतं, हे कुठल्याही माहितीफलकावर नव्हतं. एका लिपिकाने सहज बोलता बोलता सांगितलं. अर्जाला जाणकाराचा अहवाल, प्रत्येक झाडाचा क्रमांक, फोटो आणि बदली झाडं कुठे लावणार त्याचा नकाशा सुरुवातीलाच जोडा. प्रत्येक कागद देताना आवक क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर घ्या. पुढे "कागद मिळालाच नाही" ऐकावं लागलं तेव्हा तो शिक्काच कामाला आला.

अग्निसुरक्षेच्या तपासणीत शिकायला मिळालं. आग उतारावर वरच्या दिशेने झपाट्याने चढते. चढ दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. आणि आमच्या घराचा तळ तर उघडा, खालच्या बाजूला तोंड करून. अट घातली गेली: घराभोवती पहिला दीड मीटर पट्टा खडीचा, तिथे एकही झुडूप नाही. तळाची बाजू न जळणाऱ्या शीटची, बाजूंना बारीक धातूची जाळी. घराखाली लाकूड किंवा कसलीही अडगळ ठेवायची नाही. ती जागा साठवणीसाठी आयती वाटते, म्हणून अट जड गेली. पण पटली.

कंत्राटदारांची दरपत्रकं मे २०२३ मध्ये मागवली. जमिनीच्या वरच्या कामाचे आकडे एकमेकांच्या आसपास होते, जमिनीखालचे मात्र कुठच्या कुठे. ज्याने सगळ्यात कमी लावले त्याने साइट पाहिलीच नव्हती. खोदाईसाठी एकरकमी भाव घेऊ नका. माती, मऊ खडक, कठीण खडक असे वेगळे दर लिहून घ्या आणि मोजमाप दोघांच्या सहीने करा. हेही विचारा की साहित्य कुठे उतरवणार. सपाट जागा फक्त रस्त्याकडेला, आणि झाडांच्या वर्तुळात काही ठेवायचं नाही. काँक्रीट वरून पंपाने, वीट-वाळू घसरपट्टीवरून, लोखंड खांद्यावर. या ओढाताणीचा खर्च सपाट जागेवरच्या कुठल्याही अंदाजात नसतो. शेवटी हिशोब केला तेव्हा पाया, पार्किंगची भिंत, पाण्याचा निचरा आणि येण्याजाण्याचा रस्ता मिळून एकूण खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा झाला होता. राखीव म्हणून वीस टक्के बाजूला ठेवले होते, त्यांतले बहुतेक याच भागात गेले. वरच्या घराने जवळपास काहीच जादा मागितलं नाही.

काम ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालं. सगळ्यात आधी काय केलं असेल, तर झाडांच्या वर्तुळांभोवती घट्ट कुंपण. फीत किंवा दोरी नव्हे, जमिनीत ठोकलेलं कुंपण. दोरी पहिल्याच आठवड्यात वाळत घातलेल्या कपड्यांसाठी जाते.

मोठ्या झाडाजवळचे दोन कॉलम वर्तुळाच्या आत येतच होते. खात्याने आणि जाणकाराने त्यांना परवानगी दिली होती ती हाताने खोदायच्या अटीवर. त्यातल्या एका खड्ड्याशी मी सकाळपासून बसले होते. कुदळ वरच्या मातीपुरती, मग नुसतं खुरपं. अर्ध्या हातावर तांबूस सालीचं, माझ्या मनगटाएवढं मूळ लागलं, खड्ड्याच्या बरोबर मधोमध. खोदणारे काका थांबले, हाताने माती बाजूला केली, आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. त्यांनी कुंपणावर टांगलेला नियम वाचला होता: पंचवीस मिलिमीटरपेक्षा जाड मूळ जाणकाराला विचारल्याशिवाय तोडायचं नाही. इंजिनिअर आले, उकिडवे बसले, टेप लावला, आणि चुन्याने चाळीस सेंटिमीटर बाजूला नवी खूण केली. वरचा बीम इतका सरकाव सोसेल असाच काढलेला होता, ही त्यांची दूरदृष्टी. उघड्या मुळावर ओलं गोणपाट टाकलं. ते मूळ आजही त्या कॉलमच्या शेजारून जातं.

प्रत्येक खड्ड्याचा तळ इंजिनिअरने बघितल्याशिवाय पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) टाकायची नाही, असं करारातच लिहिलं होतं. खालच्या पट्ट्यातला एक खड्डा मऊ निघाला, ऐंशी सेंटिमीटर आणखी खाली जावं लागलं. जादा पैसे गेले, पण दर आधीच ठरलेले असल्यामुळे वाद झाला नाही.

नंतरचा पावसाळा हा माझ्या दृष्टीने खरा कसोटीचा काळ. कॉलम आणि स्लॅब झाले होते, छप्पर नव्हतं, आणि मला रात्री पावसाचा आवाज आला की झोप लागत नसे. मात्र निचऱ्याचं काम आम्ही घराच्या आधी उरकलं होतं. घराच्या वरच्या अंगाला, उताराला आडवा एक चर: तळाशी आणि बाजूंनी जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), आत भोकांचा पाइप, वर खडी, आणि शंभरास एक उतार. वरून येणारं पाणी घरापर्यंत पोचण्याआधीच दोन्ही बाजूंनी वळतं. पार्किंगच्या भिंतीमागेही तसाच खडीचा थर आणि भिंतीत वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं. मातीचा रेटा भिंत सोसते, पण मागे पाणी तुंबलं की त्याचा रेटा वेगळा भर घालतो. भिंती बहुधा त्यानेच जातात.

छपराचं पाणी वेगळं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं छप्पर एकशे साठ चौरस मीटर. पन्नास मिलिमीटरची एक सर आली की आठ हजार लिटर. ते एकाच नळीने उतारावर सोडलं तर खाली ओघळ पडतो, आणि शेजाऱ्याच्या जमिनीत गेलं तर कोर्टाची पायरी चढावी लागते. आमच्याकडे काही टाकीत जातं, उरलेलं खाली कंटूरला समांतर अशा लांब, सपाट कडेच्या दगडी चरात, तिथून ते पसरून झिरपतं. त्या पावसाळ्यात या चराची एक कड खचली आणि पाणी एकाच जागी सांडू लागलं. कड पुन्हा पातळीत बसवली. तिची पातळी दरवर्षी तपासावी लागणार, एवढं कळलं.

आतल्या कामांबद्दल सांगण्यासारखं थोडंच. ते इतर घरांसारखंच झालं, आणि इतर घरांइतकंच रखडलं. फक्त खालच्या पट्ट्यातून सांडपाणी वर रस्त्याकडे न्यायचं असल्याने पंप लागला. त्याला जोड पंप आणि वीज गेली तर चालेल अशी सोय आधीच करा. आणि घर जमिनीपासून उचललेलं असेल तर तळालाही इन्सुलेशन लागतं, नाही तर फरशी थंडगार पडते.

नळ्या, चर, केबल जे काही मातीआड जाणार ते बुजवण्याआधी टेप शेजारी ठेवून फोटो काढले, आणि शेवटी सगळ्याचा एक नकाशा करून घेतला. पूर्णत्वाच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी नेमका तोच मागितला. मार्चच्या दाखल्यावर एक अट उरली आहे: तीन झाडांच्या बदल्यात लावलेली नऊ रोपं दोन वर्षांनी जगलेली दाखवायची. सध्या आठ जगली आहेत. नवव्याच्या जागी ओल जास्त आहे, तिथे पाणी सोसणारी जात लावायला जाणकाराने सांगितलं आहे, आणि बदलाचं पत्र खात्याकडे दिलं आहे. आवक क्रमांकासह.